गावाचे घर रोज उघडे राहू द्या : हर्णे ग्रामसभेस खुले पत्र

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेचे सर्व मतदार,
हर्णे, ता. दापोली, जि. रत्नागिरी



जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. हर्णेसमोर पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग त्या बारांपैकी एक. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे, १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या तोफांपुढे तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेलेले. या यादीमुळे किल्ल्याकडे आणि किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला या त्याच्या सोबत्यांकडे देशाचे लक्ष गेले, याचा आनंद हर्णेला व्हायलाच हवा. हे पत्र मात्र दुसऱ्याच एका वास्तूबद्दल आहे. तिच्याकडे पाहायला कोणी पर्यटक येत नाही. समाजमंदिर, सभागृह, ग्रामभवन, गाव तिला जे म्हणेल ते. या पत्राची मागणी एकच आहे : गावाचे हे घर रोज उघडे राहावे, सर्वांना उघडे राहावे, आणि त्याचे वेळापत्रक बंदराच्या वेळापत्रकाशी जुळावे. हा निर्णय ग्रामसभा घेऊ शकते, म्हणून पत्र ग्रामसभेला.

हर्णेचा दिवस दर्या ठरवतो. नौका खोल पाण्यात नांगर टाकतात, मासळी छोट्या होड्यांत उतरते, बैलगाड्या थेट पाण्यात शिरून टोपल्या किनाऱ्यावर आणतात आणि वाळूवर लिलाव सुरू होतो. पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगड्यांचे ढीग, बोली लावणारे व्यापारी, बर्फाच्या गाड्या, पाटी घेऊन बसलेल्या मासेवाल्या, दापोलीहून आलेली गिऱ्हाइके, हौसेने आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे. तास-दोन तासांत अर्धा तालुका त्या वाळूवर भेटतो. हर्णे-पाजपंढरीचे कोळी, मोहल्ल्यातले दर्यावर्दी, भंडारी वाडीतले बागायतदार, नेपाळहून आलेले खलाशी, सगळे तिथे असतात. भाव ठरताना कोणी कोणाला परका नसतो. लिलाव संपला की जो तो आपापल्या वाडीची वाट धरतो.

कोकणातल्या गावांना एकत्र येण्याच्या जागा नाहीत असे कोणी म्हणणार नाही. शिमग्यात सहाणेवर पालखी बसते आणि मुंबईचा चाकरमानी रजा काढून तिच्यासाठी येतो. देवळाच्या सभामंडपात नमन आणि जाखडीच्या तालमी रंगतात. मोहल्ल्यात जमातीची बैठक होते, मच्छीमार सोसायटीत डिझेलचे आणि कर्जाचे विषय निघतात. या जागांनीच गावे टिकवली. पण प्रत्येक जागेचे आपले मानकरी आहेत, आपले सभासद आहेत, आपला मानपान आहे. किनाऱ्यावरचा कचरा, पिण्याचे पाणी, पर्यटकांच्या गाड्या लावायची जागा, रात्री-अपरात्री लागणारी रुग्णवाहिका, बारावीच्या मुलांचा अभ्यास हे प्रश्न एका वाडीचे नसतात. त्यांच्यासाठी असे एक छप्पर लागते, जिथे कोणीही पाहुणा म्हणून येत नाही.

ही कल्पना सरकारलाही जुनीच आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूह विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून ग्रामीण भागात सामुदायिक केंद्रे उभी राहावीत, हा विचार कागदावर आहे. १९९३ मध्ये खासदार निधी सुरू झाला. त्यातून आणि आमदार निधीतून महाराष्ट्रात गावोगाव समाजमंदिरे बांधली गेली. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत वाचनालये, आखाडे, महिला आणि तरुणांसाठी करमणुकीच्या जागा ही पंचायतीची कामे म्हणून नोंदलेली आहेत. तरीही राज्यातल्या कितीतरी समाजमंदिरांना वर्षातले बहुतेक दिवस कुलूप असते. याचे कारण साधे आहे. खासदार निधीसारख्या योजना भिंती आणि छपरासाठी पैसे देतात. रोज दार उघडणाऱ्या माणसाचा पगार, विजेचे बिल, झाडलोट आणि वर्तमानपत्रे यांसाठी देत नाहीत. उद्घाटनाची पाटी लागते, किल्ली कोणाच्या तरी खुंटीवर जाते आणि लग्न किंवा मतदान असेल तेव्हाच ती खाली उतरते.

उलट, भिंतींवर फारसा खर्च न करताही गावाचे केंद्र कसे चालते, याचे उदाहरण हर्णेच्या शेजारीच आहे. मुरूडला एकोणिसाव्या शतकात सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. त्यांच्या सांगण्यावरून एक मुलगा दुर्गादेवीच्या देवळात जमलेल्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. ज्यांना अक्षर येत नव्हते, त्यांनाही देशात काय चालले आहे ते कळे. हाच मुलगा पुढे परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठवला गेला. तो धोंडो केशव कर्वे. मुंबईत नोकरीला लागल्यावर कर्व्यांनी मुरूड फंड काढला. गावाबाहेर कमावणाऱ्या मुरूडकरांनी आपल्या कमाईचा छोटा वाटा गावाच्या कामासाठी द्यायचा, ही त्यामागची कल्पना. पुढे १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जिथे शाळा नाही अशा खेड्यांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. १९५८ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. विधवांच्या शिक्षणासाठी आणि महिला विद्यापीठासाठी आयुष्य वेचणाऱ्या या माणसाचे सार्वजनिक काम देवळाच्या सभामंडपात वर्तमानपत्र वाचण्यापासून सुरू झाले होते. सभामंडप आधीपासून होताच. सोमण गुरुजींनी त्याला एक काम दिले.

हर्णेसारख्या मच्छीमार गावात सभागृहाला रोजचे काय काम द्यावे? याचे उत्तर पुदुच्चेरीच्या किनाऱ्यावर मिळते.

चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानने १९९८ पासून पुदुच्चेरी परिसरात ग्रामज्ञान केंद्रे सुरू केली. एक खोली, एक संगणक, टेलिफोन आणि ध्वनिक्षेपक. किनाऱ्यावरच्या गावांतले तरुण समुद्राच्या लाटांचा अंदाज संगणकावर उतरवून घेत आणि ध्वनिक्षेपकावरून तमिळमध्ये सांगत, म्हणजे पहाटे नाव काढायची की नाही हे ठरवता येई. नल्लवाडू हे त्यांपैकीच एक गाव. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सिंगापूरला काम करणाऱ्या या गावच्या एका तरुणाला त्सुनामीची बातमी कळली आणि त्याने घरी फोन केला. केंद्राला कुलूप होते. गावकऱ्यांनी दार फोडले, ध्वनिक्षेपक चालू केला आणि सगळ्यांना किनारा सोडून जायला सांगितले. लाटा आल्या तेव्हा घरे आणि होड्या गेल्या, पण साडेतीन हजारांहून अधिक वस्तीच्या त्या गावात एकही माणूस दगावला नाही. त्याच दिवशी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर हजारो माणसे बुडाली.

नल्लवाडूला ध्वनिक्षेपक वाचवू शकला, कारण तो गावाच्या सवयीचा होता. रोज त्यावरून समुद्राची खबर ऐकणाऱ्या लोकांनी त्या दिवशीही ऐकले आणि विश्वास ठेवला. दोन वर्षांतून एकदा सराव म्हणून वाजणाऱ्या भोंग्यावर असा विश्वास बसत नाही. आणि दार फोडावे लागले, हेही विसरता कामा नये. किल्ली जवळ असती तर मौल्यवान मिनिटे वाचली असती.

आज ही माहिती मिळवायला पूर्वीइतका खटाटोप लागत नाही. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे याची सूचना विनामूल्य देते. उपग्रहाने टिपलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य यांवरून ती काढली जाते. त्याच संस्थेकडून लाटांचे आणि समुद्राच्या स्थितीचे अंदाज येतात, हवामान खात्याकडून मच्छीमारांसाठी इशारे येतात. तांडेलांच्या मोबाइलवर यांतले बरेच काही येतही असेल. पण मोबाइल प्रत्येकाचा वेगळा, त्यातली बातमी वेगळी, अफवाही त्याच वाटेने येतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की सारे गाव एकाच वेळी तो पाहते आणि एकाच वेळी त्यावर बोलते. गावाच्या केंद्रातल्या फळ्यावर रोज संध्याकाळी मराठीत लिहिलेली समुद्राची खबर आणि पहाटे नौका निघण्याआधी ध्वनिक्षेपकावरून दिलेला अंदाज हे काम त्या बावट्यासारखेच करेल. तिथेच २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही मिळणाऱ्या किसान क्रेडिट कार्डाचे अर्ज, नौकांची नोंदणी आणि विम्याचे दावे यांसाठी मदत मिळाली, तर दापोलीच्या पंधरा-सोळा किलोमीटरच्या फेऱ्या आणि एकेक दिवसाची बुडणारी कमाई वाचेल.

वादळाचे वेगळे सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. दापोली आणि मंडणगड या तालुक्यांनी काय सोसले ते हर्णेला माहीत आहे. पत्रे आणि कौले उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, पिढ्यान्पिढ्या जपलेली झाडे एका दुपारी गेली. वीज कित्येक दिवस, काही वाड्यांत कित्येक आठवडे नव्हती. मोबाइलचे मनोरे बंद पडले आणि मुंबईतल्या मुलांना आईवडील सुखरूप आहेत की नाहीत हे कळायला मार्ग उरला नाही. ते करोनाचेही दिवस होते. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ याच किनाऱ्याजवळून गेले.

ओडिशाने या बाबतीत जे केले ते कोकणाने नीट पाहण्यासारखे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे उभारले गेले. खांबांवर उचललेल्या, गच्चीवर जाता येईल अशा या पक्क्या इमारतींची संख्या आता आठशेहून अधिक आहे. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन वादळ आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना हलवण्यात आले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. या निवाऱ्यांतले अनेक इतर दिवशी शाळा असतात, अंगणवाडी असतात, गावाच्या सभा तिथेच होतात. देखभाल गावच्या समितीकडे असते, आणि शोध-बचावाचे प्रशिक्षण घेतलेली मुले-मुली गावातलीच असतात. रोज वापरात असलेल्या इमारतीचे नळ चालू असतात, दिवे लागतात, छप्पर गळत असेल तर लगेच कळते. वर्षभर बंद राहिलेला निवारा वादळाच्या रात्री उघडला तर आत काय सापडेल याचा भरवसा नसतो. हर्णेच्या केंद्राच्या छपरावर सौरपॅनेल असावेत, पाण्याची टाकी भरलेली असावी आणि मोबाइल चार्ज करायची सोय असावी, ही मागणी निसर्ग वादळानंतर कोणालाही जास्तीची वाटू नये.

आता बायकांचा विषय. लिलावात मासळी घेऊन ती वाडी-वाडीत, बाजारा-बाजारात पोहोचवणाऱ्या मासेवाल्यांशिवाय बंदराचा व्यवहार चालत नाही. त्या उन्हात, पावसात, वाळूवर तासन्तास थांबतात. त्यांना स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, टेकायला जागा आणि लहान मूल बरोबर असेल तर त्याला निजवायला एक कोपरा लागतो. गावाचे केंद्र या गरजेपासून सुरू झाले तर ते पहिल्याच दिवशी भरलेले असेल. बचत गटाची बैठक, मासळी सुकवण्याचे आणि वेष्टनाचे प्रशिक्षण, आरोग्य तपासणी हे पुढचे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्या सभेला हक्काची, सोयीची, कोणाच्या ओटीवर अवलंबून नसलेली जागा मिळाली की तिथे बोलणाऱ्यांची संख्याही वाढेल.

मुलांसाठी अभ्यासिका हवी, आणि तिला लागून वाचनालय. रत्नागिरी जिल्ह्याला वाचनालयांची मोठी परंपरा आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात वाशिष्ठीचे पाणी त्या वाचन मंदिरात शिरले आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. तरी ते बंद पडले नाही. चिपळूणकर चिखल काढायला उतरले, राज्यभरातून पुस्तके आली आणि कपाटे पुन्हा भरू लागली. ज्या संस्थेत माणसे रोज जातात, तिच्यासाठी माणसे अशी धावून येतात. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार छोट्या गावातल्या वाचनालयालाही शासनमान्यता आणि अनुदान मिळू शकते. सुवर्णदुर्गावरच्या, आरमारावरच्या पुस्तकांचे एक कपाट आणि गावातल्या जुन्या तांडेलांनी सांगितलेल्या गोष्टींची नोंदवही तिथे ठेवली, तर किल्ला पाहायला आलेल्या माणसाला हर्णेची माहिती हर्णेकरच देतील. त्यातून गावच्या मुलांना वाटाड्याचे कामही मिळेल.

हे सगळे चालवायचे कसे, हाच खरा प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने त्याचे उत्तर आपल्या पद्धतीने दिले. गावाचा घोटुल म्हणजे तरुणांची आणि गावाची एकत्र येण्याची जागा. मोडकळीला आलेला घोटुल गावाने जंगलातल्या लाकडाने पुन्हा बांधला, तेव्हा वन खात्याने तो पाडला. गावाने माघार घेतली नाही, आसपासच्या गावांनीही घोटुल उभारण्याचा निर्णय घेतला आणि अखेर घोटुल उभा राहिला. पुढे २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते. या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. सगळे पटेपर्यंत बसतात. असे बसायला जागा आणि वेळ दोन्ही लागतात, आणि मेंढ्याने दोन्ही राखून ठेवले.

हर्णे गोंड गाव नाही, आणि तिथली पद्धत जशीच्या तशी उचलायची गरजही नाही. पण काही गोष्टी हर्णेला उद्यापासून ठरवता येतील. केंद्राची समिती प्रत्येक वाडी, मोहल्ला आणि मच्छीमार संस्थांमधून निवडावी, निम्म्या महिला असाव्यात, दोन जागा पंचवीस वर्षांखालच्यांसाठी राखाव्यात. दार उघडण्यासाठी पगारी माणूस नेमावा आणि तो पगार लग्नकार्याच्या भाड्यातून आणि पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून द्यावा. मोठे सभागृह भाड्याने दिले तरी वाचन-अभ्यासाची खोली बंद पडू नये, म्हणून तिला स्वतंत्र दार असावे. जमाखर्च दर महिन्याला बाहेरच्या भिंतीवर लावावा. किल्ल्या किमान तीन असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या वाड्यांत असाव्यात. मुंबईत, पुण्यात, आखातात कमावणाऱ्या हर्णेकरांना मुरूड फंडासारखा एक फंड काढून त्यात सामील करून घ्यावे. चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला देतोच. वर्षभर चालणाऱ्या कामालाही तो देईल.

विरोधही होईल, आणि त्यातले काही मुद्दे रास्त असतील. पैसा आधी जेटीला लागावा, असे कोणी म्हणेल. जेटी हवीच. ती कोट्यवधींची आहे आणि सरकारच्या हातात आहे. केंद्राचा रोजचा खर्च गावाच्या आवाक्यातला आहे. एका गटाचा ताबा होईल, अशी भीती कोणाला वाटेल. त्या भीतीसाठीच वर सांगितलेली समिती आणि भिंतीवरचा हिशेब आहे.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला निघालेली असतात, आणि वर्षात कधी नव्हे ती गावातली बहुतेक माणसे घरी असतात. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. बंदीच्या दिवसांत हर्णेत याच्या कितीतरी पट माणसे जमू शकतील.

म्हणून ग्रामपंचायतीने बंदीच्या काळात एक विशेष ग्रामसभा बोलवावी, तिच्याआधी महिलांची सभा घ्यावी, आणि विषयपत्रिकेवर गावाच्या केंद्राचा एवढाच एक विषय ठेवावा. ठराव मंजूर झाला की दार रोज किती वाजता उघडणार आणि पहिल्या तीन किल्ल्या कोणाकडे राहणार, हे त्याच दिवशी इतिवृत्तात लिहून घ्यावे, ही आग्रहाची विनंती.



आपला,
एक हितचिंतक